मोफत नोंदणीचे 1,999 रुपये

वाचकाचं पत्र:

"मी नाशिकच्या सिडकोत राहते. सहा वर्षांपासून घरी पापड, कुरडया आणि काळा मसाला करून विकते. यंदा मिरची कांडप यंत्र घ्यायचं म्हणून बँकेत कर्जाची चौकशी केली. तिथले साहेब म्हणाले, 'उद्योग आधार घेऊन या.' मोबाइलवर शोधलं, तर सगळ्यात वर एक पान आलं. तिरंगा, अशोकस्तंभ, सगळं मराठीत. आधार, पॅन, मोबाइल नंबर भरला आणि 'शासकीय नोंदणी शुल्क' म्हणून 1,999 रुपये यूपीआयने दिले. मग एका मुलीचा फोन आला, तिने ओटीपी विचारला, तो सांगितला. दोन दिवसांनी प्रमाणपत्र आलं, बँकेने ते घेतलंही. आता भाची म्हणते, ही नोंदणी फुकट असते. मुलगा चिडलाय. म्हणतो, 'आई, यापुढे खासगी वेबसाइट उघडायचीच नाही, सरकारीच बघायची.' पण सरकारी वेबसाइट उघडली की मला काही उमगत नाही. लाडकी बहीणची ई-केवायसी मी एका मराठी माहितीच्या पानावर वाचून केली होती, ती बिनचूक झाली. मग मुलाचं ऐकू का? आणि आता रोज कर्जाचे फोन येतात, त्यांचं काय करू?"

ताई, सप्रेम नमस्कार.

पत्रात तुम्ही स्वतःलाच दोन-तीनदा 'वेंधळी' म्हटलंय. ती वाक्यं मी वर छापली नाहीत, कारण मला तसं वाटत नाही. गडबड तुमच्यापासून सुरू झाली नाही, बँकेतल्या टेबलापासून झाली. 'उद्योग आधार' हे नाव 1 जुलै 2020 लाच मागे पडलं. तेव्हापासून छोट्या उद्योगांच्या या नोंदणीला 'उद्यम' म्हणतात. पण तलाठ्याचा कागदावर ग्राम महसूल अधिकारी झाला तरी आपण तलाठीच म्हणतो, तसंच इथेही तोंडात जुनंच नाव राहिलंय. तुम्ही साहेबांनी सांगितलेलं नाव टाइप केलंत, आणि त्या जुन्या नावावर दुकान थाटून बसलेल्यांनी तुम्हाला वरच्या वर झेललं. सगळ्यात वर आलेल्या त्या पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' असं लिहिलेलं असणार. म्हणजे ते पान तिथे पैसे मोजून बसलेलं होतं. शोधलं की पहिलं येतं ते खरं, अशी आपली एक समजूत असते. बाजारात दारात उभं राहून हाका मारणारा दुकानदार सगळ्यात चांगला असतो का?

भाचीचं म्हणणं खरं आहे. उद्यम नोंदणीला एक रुपयाही फी नाही. कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत. आधार, पॅन आणि तुम्ही स्वतः दिलेली माहिती, एवढ्यावर ती होते. सरकारी पोर्टलवर तर चक्क लिहिलेलं आहे की हे पोर्टल आणि सरकारची एक खिडकी व्यवस्था सोडून इतर कुठल्याही खासगी संस्थेला किंवा व्यक्तीला ही नोंदणी करायचा अधिकार नाही. मग तुमचं प्रमाणपत्र आलं कुठून? त्या लोकांनी तुमची माहिती घेतली, त्याच फुकटच्या सरकारी पोर्टलवर ती भरली, आधारचा ओटीपी तुमच्या फोनवर आला तो तुमच्याकडून विचारून घेतला, आणि निघालेलं प्रमाणपत्र तुम्हाला धाडून दिलं. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

आता मी काही अर्ज भरून देणाऱ्याच्या विरोधात नाही. जिल्हाधिकारी कचेरीच्या आसपास टायपिंगवाले आणि झेरॉक्सवाले वर्षानुवर्षं बसतात, आणि त्यांच्यामुळे कितीतरी लोकांचे खेटे वाचले आहेत. माणूस 'मी खासगी आहे, अर्ज भरायचे एवढे घेईन' म्हणाला आणि तुम्ही राजीखुशीने दिलेत, तर तो व्यवहार झाला. तुमच्या बाबतीत खोटेपणा एका शब्दात आहे: 'शासकीय'. जे शुल्क शासनाने लावलेलंच नाही, ते शासनाच्या नावाने घेतलं. पान अजून उघडत असेल तर त्या शब्दासकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. यूपीआयच्या त्या व्यवहाराचाही काढा, त्यात व्यवहार क्रमांक दिसला पाहिजे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे, तिथे तक्रार नोंदवा. पैसे परत येतीलच असं मी तुम्हाला सांगणार नाही. अशा पानांच्या तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, 'आम्ही खासगी सल्लागार आहोत' असं बहुतेक वेळा लिहून ठेवलेलं असतं आणि वेळ आली की ते त्याच्याआड लपतात. तरी तक्रार करा.

आता मुलाचं म्हणणं. त्याचा राग मी समजू शकतो, पण त्याचा नियम घरात चालणार नाही. 'सरकारीच बघायची' हे म्हणायला सोपं आहे. सरकारी वेबसाइट हे दार आहे, आणि दारावर आत कसं वागायचं ते लिहिलेलं नसतं. कुठली योजना, तिला आज काय म्हणतात, आधी कुठलं काम उरकायचं, रेशनकार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर काय, हे सगळं समजावून सांगणारी मराठी पानं आणि व्हिडिओ नसते तर आपल्यातली निम्मी माणसं अर्ज करायच्या आधीच माघारी फिरली असती. तुमची ई-केवायसी त्याच आधारावर झाली ना? मग.

पंचवटीचं बघा. बाहेरगावचा माणूस रामकुंडापाशी उतरला की त्याला कोणीतरी गाठतं, 'काळाराम, सीतागुंफा, सगळं दाखवतो.' त्यात गैर काही नाही. त्याला गल्ल्या माहीत आहेत, पाहुण्याला नाहीत. ठरलेले पैसे घेतो, फिरवून आणतो. पण तोच माणूस जर म्हणाला की 'मी देवस्थानचाच आहे, दर्शनाची पावती माझ्याकडेच फाडा,' तर नाशिककर त्याला तिथेच हटकेल. वाट दाखवणं वेगळं आणि दारात गल्ला मांडून बसणं वेगळं. इंटरनेटवरच्या माहितीच्या पानांचंही मी एवढंच बघतो. वाट दाखवतंय तोवर माझा वाटाड्या. आधार नंबर, ओटीपी किंवा पैसे मागितले, की त्याने गल्ला मांडला.

यातून एक उलटी गंमत होते, ती लक्षात ठेवा. जे पान ठळकपणे लिहितं की 'ही सरकारी वेबसाइट नाही, आम्ही फक्त माहिती देतो,' त्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. आणि जिथे अशोकस्तंभ, मंत्र्यांचे फोटो आणि तिरंग्याची पट्टी आहे पण पत्ता सरकारी नाही, तिथून मी उलट्या पावली परत येतो. राजमुद्रा परवानगीशिवाय वापरायला 2005 च्या कायद्याने बंदी आहे. ज्याने पहिल्याच पानावर कायदा मोडलाय त्याच्या हातात आपण पॅनकार्ड द्यायचं? तुम्हाला ज्या चित्रांनी भरवसा वाटला, तीच चित्रं यापुढे तुम्हाला सावध करू देत.

दुसरं मी बघतो ती तारीख. इथे माझं स्वतःचं हसं झालेलं आहे. घरातल्या एका मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. एक छान, सुटसुटीत पान सापडलं, त्यातली कागदपत्रांची यादी लिहून घेतली, सगळं पिशवीत भरलं आणि सकाळी नऊला केंद्रावर रांगेत उभा राहिलो. साडेअकराला नंबर आला तेव्हा खिडकीतला मुलगा म्हणाला, 'काका, ही यादी जुनी.' घरी येऊन बघतो तर पानाच्या तळाशी तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची. पान खोटं नव्हतं, शिळं होतं. योजनांच्या बाबतीत तर मुदती वाढतात, अटी बदलतात, आणि जुनी पानं तशीच टांगलेली राहतात.

शिळं की ताजं हे ओळखायची एक खूण सांगतो, महाराष्ट्र सरकारच्या कामांना ती हमखास लागू पडते. चांगलं माहितीचं पान 'सरकारने असं जाहीर केलंय' एवढ्यावर थांबत नाही, शासन निर्णयाचा दाखला देतं, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो तो. प्रत्येक जीआरला 18 आकडी संकेतांक असतो आणि त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे साल, महिना, तारीख. 20240628 ने सुरू झाला की समजायचं 28 जून 2024. लाडकी बहीण योजनेचा मूळ निर्णय त्याच तारखेचा आहे. हा संकेतांक घेऊन तुम्ही राज्य सरकारच्या जीआरच्या पानावर जाऊन मूळ कागद उघडू शकता, आणि तो मराठीत असतो. भाषा सरकारी आहे, 'सदर', 'उपरोक्त', 'यास्तव' असल्या शब्दांतून वाट काढावी लागते, पण पात्रता आणि कागदपत्रांची यादी तुम्हाला नक्की कळेल. पापडांचे चार घाणे एका वेळी सांभाळणारीला एक जीआर जड नाही. आणि ज्या पानावर संकेतांकही नाही, तारीखही नाही, फक्त 'आजच अर्ज करा, शेवटचे 2 दिवस' असं लाल अक्षरात लुकलुकतंय, ते बंद करा.

मग अशा पानावरून घ्यायचं काय? नाव, कागदपत्रांची यादी आणि क्रम. तुमच्या बाबतीत एखादं बरं पान वाचलं असतंत तर पहिल्याच ओळीत 'उद्योग आधारचं नाव आता उद्यम' हे कळलं असतं, आणि दुसऱ्या ओळीत 'शुल्क नाही'. तेवढ्यानेच 1,999 वाचले असते. घ्यायची नाही ती लिंक. 'इथे क्लिक करा' म्हटलं तरी नाही. पान प्रामाणिक असलं तरी त्याच्या आजूबाजूच्या जाहिराती त्याच्या हातात नसतात. सातबारा शोधताना हे नेहमी होतं: मधोमध भलंमोठं हिरवं 'डाउनलोड' बटण, आणि ते असतं जाहिरातीचं. सातबारा नुसता बघायला 'महाभूलेख' या सरकारी पानावर पैसे पडत नाहीत, आणि डिजिटल सहीचा उतारा 'महाभूमी' या सरकारी पानावर 15 रुपयांत मिळतो. त्या हिरव्या बटणामागे काय आहे ते शोधत बसू नका. पान वाचून झालं की ते बंद करायचं, आणि सरकारी पत्ता आपल्या हाताने टाइप करायचा.

पत्ता वाचायचा कसा, हे मुलाला शेजारी बसवून एकदा करून बघा. मोबाइलवर पान उघडलं की वर पत्त्याची पट्टी असते. तिच्यावर बोट ठेवलं की पूर्ण पत्ता दिसतो. 'एचटीटीपीएस' आणि दोन तिरप्या रेघा सोडून पुढे चला, आणि पुढची पहिली तिरपी रेघ येईल तिथे थांबा. आता त्या रेघेपासून मागे, उजवीकडून डावीकडे वाचा. तिथे 'जीओव्ही डॉट इन' असेल, म्हणजे जी, ओ, व्ही, मग टिंब, मग आय, एन, आणि जीओव्हीच्या आधीही टिंबच असेल, तर ते सरकारी घर. काही सरकारी पत्ते 'एनआयसी डॉट इन' नेही संपतात. ही शेवटची नावं सरकारी कार्यालयांनाच मिळतात, कोणालाही विकत घेता येत नाहीत. नुसतं 'डॉट इन' मात्र तुम्ही-आम्ही कोणीही काही शे रुपयांत घेऊ शकतो. म्हणून फसवणारे काय करतात, तर टिंबाच्या जागी आडवी रेघ टाकतात, किंवा 'जीओव्ही डॉट इन' हे पत्त्याच्या मध्येच कुठेतरी घुसवतात आणि त्याच्यापुढे आपलं खरं नाव जोडतात. आडनाव शेवटी असतं हे लक्षात ठेवलं की ही युक्ती चालत नाही. उद्यमचा पत्ता 'उद्यमरजिस्ट्रेशन डॉट जीओव्ही डॉट इन' आहे. आपल्या महापालिकेचा 'एनएमसी डॉट जीओव्ही डॉट इन', जिल्ह्याचा 'नाशिक डॉट जीओव्ही डॉट इन'. कुलपाच्या चित्रावर जाऊ नका. कुलूप एवढंच सांगतं की तुमच्यात आणि त्या पानात चाललेलं बोलणं तिसऱ्याला ऐकू जात नाही. पलीकडे चोर असला तरी कुलूप दिसतंच. ही गैरसमजूत इतकी पसरली की गूगलने 2023 मध्ये क्रोममधून ते चित्र काढून टाकलं.

हा नियम मुलाला सांगाल तर तो लगेच म्हणेल, 'मग महावितरणचं काय?' बरोबर पकडलं असं म्हणा. महावितरणचा पत्ता 'महाडिस्कॉम डॉट इन' आहे, त्यात जीओव्ही नाही. रेल्वेच्या तिकिटांचा 'आयआरसीटीसी डॉट सीओ डॉट इन'. आणि सगळ्यात घोळ घातला तो गाड्यांच्या नव्या नंबरप्लेटने, म्हणजे एचएसआरपीने. 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना ती लावायला सांगितली, काम तीन कंपन्यांना विभागून दिलं, आणि बुकिंग त्या कंपन्यांच्या स्वतःच्या पत्त्यांवर. खऱ्या पत्त्यातच जीओव्ही नाही म्हटल्यावर नकली पानवाल्यांची दिवाळी झाली. अशा वेळी पत्ता वाचून निकाल लागत नाही, तुम्ही तिथे कुठून पोचलात ते बघावं लागतं. परिवहन विभागाच्या सरकारी पानावर जायचं, तिथे आपल्या आरटीओचा क्रमांक निवडायचा, नाशिकसाठी 15, आणि तिथून ते पान आपल्याला जिकडे पाठवेल तो पत्ता खरा. दुचाकीचा दर 450 रुपये अधिक जीएसटी होता, त्याहून बरंच जास्त मागितलं तर तिथेच थांबायचं. वीजबिलाच्या बाबतीत तर सोपं आहे, घरी आलेल्या छापील बिलावर पत्ता असतो, तोच टाइप करायचा. 'आज रात्री वीज तोडणार' या मेसेजमधला नंबर कधीच फिरवायचा नाही.

आणि एक पडताळणी अगदी शेवटच्या पायरीवर, पिन टाकायच्या आधी. यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं नाव येतं. त्या दिवशी तुमच्या फोनवरही आलं असणार. व्यवहार उघडून बघा, तिथे बहुधा एखाद्या माणसाचं किंवा कुठल्याशा कन्सल्टन्सीचं नाव दिसेल. सरकारी फी अशा नावावर जात नाही.

पासपोर्टचं उदाहरण द्यायचा मोह आवरत नाही. देशाच्या पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. आणि नाशिकरोडलाच राहणारा माझ्या ओळखीतला एक गृहस्थ नकली पासपोर्ट पानावर पैसे भरून मोकळा झाला. साध्या 36 पानी पासपोर्टची फी 1,500 रुपये, याने दुपटीहून जास्त दिले आणि अपॉइंटमेंट मिळालीच नाही. परराष्ट्र मंत्रालय अशा नकली पत्त्यांची नावं घेऊन इशारा देतं, तो वाचायला आधी खऱ्या पानावर जावं लागतं हीच अडचण. सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे तंबू, खोल्या, पूजा यांच्या बुकिंगची पानं आता पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवतील. पाहुण्यांना आत्तापासून सांगून ठेवा.

कुठलीच पानं शोधायची नसतील तर सरकारने स्वतःच काही वाटाडे ठेवलेत. 'मायस्कीम डॉट जीओव्ही डॉट इन' वर वय, उत्पन्न, राज्य भरलं की कुठल्या योजना बसतात ते दिसतं. दाखल्यांसाठी 'आपले सरकार', आणि तिथे मिळणाऱ्या सेवांना 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत बांधलेली आहे. मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं, हे फार लोकांना ठाऊक नसतं. पण खरं सांगू? हे वाटाडे पुस्तकी बोलतात. म्हणून आधी मराठी पान वाचून समजून घ्यायचं आणि मग इकडे यायचं, हा तुमचा जो क्रम ई-केवायसीच्या वेळी होता तो मला पसंत आहे. तो मोडू नका.

तुम्ही अन्नपदार्थ विकता, त्यामुळे आज ना उद्या एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी लागेल, किंवा असेल तर नूतनीकरण. तिथेही हाच बाजार भरलेला आहे. त्याचं सरकारी पोर्टल 'फॉसकॉस' नावाचं आहे आणि पत्त्याच्या शेवटी 'एफएसएसएआय डॉट जीओव्ही डॉट इन' आहे. घरगुती व्यवसायाच्या छोट्या नोंदणीची सरकारी फी हजारांत जात नाही.

राहिले ते फोन. तुमचा नंबर आणि 'हिला कर्ज हवंय' ही बातमी त्या पानाने पुढे विकली असावी. फोन बंद होणार नाहीत, थोडे कमी होतील. प्रत्येक नंबर ब्लॉक करत बसण्यापेक्षा संशयास्पद वाटणारे कॉल 'संचारसाथी' च्या सरकारी पानावर 'चक्षू' मध्ये नोंदवा. तिथेच तुमच्या नावावर किती सिमकार्डं चालू आहेत तेही दिसतं. एखादं अनोळखी निघालं तर 'हे माझं नाही' म्हणून कळवता येतं. 'माय आधार' च्या पानावर तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं याची गेल्या सहा महिन्यांची नोंद असते, ती एकदा डोळ्यांखालून घाला आणि बोटांचे ठसे लॉक करून टाका. हवे तेव्हा उघडता येतात. आणि तुमच्या नावावर कोणी कर्ज काढलंय का हे बघायला कर्जांची नोंद ठेवणारी प्रत्येक क्रेडिट कंपनी, म्हणजे सिबिलसारखी, वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देते. तोही फुकट, बरं का. '99 रुपयांत सिबिल' वाल्यांकडे जाऊ नका.

नंबर लक्षात ठेवायचे तर नाशिकच्या माणसाला ते सोपे आहेत. आधारचा 1947, त्याला आठवण करून द्यायला नको. आणि पैसे लुबाडले गेले तर सायबर गुन्ह्यांचा 1930. काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्या साली सुरू झाला तेच साल. खात्यातून पैसे गेले की पोलीस ठाण्यात जायच्या आधी हा फिरवायचा, कारण पहिल्या तास-दोन तासांत पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त असते. उद्यमच्या प्रकरणात ओटीपी गेलाय, पण तो आधारचा, बँकेचा नव्हे. तरी बँकेचं पासबुक महिनाभर नीट बघा.

येणाऱ्या फोनमध्ये एक फोन असा येईल: 'मॅडम, तुमचं उद्यम प्रमाणपत्र संपत आलंय, नूतनीकरणाचे 999 भरा.' उद्यमला नूतनीकरण नसतं. फोन ठेवून द्या.

आता एक काम मात्र टाळू नका. प्रमाणपत्र खरं असलं तरी ते भरताना त्या लोकांनी मोबाइल आणि ईमेलच्या जागी तुमचं टाकलंय की स्वतःचं, हे बघायला हवं. स्वतःचं टाकलं असेल तर उद्या पत्ता बदलायचा झाला तरी ओटीपी त्यांच्याकडे जाईल आणि पुन्हा पैसे मागतील. प्रमाणपत्रावरच मोबाइल आणि ईमेल छापलेला असतो. तो तुमचा असेल तर विषय मिटला, 'उद्यम' च्या पोर्टलवर क्रमांक टाकून एकदा खातरजमा केली की झालं. तुमचा नसेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन दुरुस्तीचं विचारा. आधार, पॅन, प्रमाणपत्र, तिघांची झेरॉक्स आणि मूळ प्रती बरोबर न्या, ज्या मोबाइलला आधार जोडलंय तोच फोन चार्ज करून न्या, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आधी पोचा. मुलाला सोबत घ्या. त्यालाही दिसेल की आईने नेमकं कुठलं दार चुकवलं होतं.